धर्माच्या नावाने मत मागणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धर्म आणि राजकारण यांची फारकत असावी की नसावी, हा वाद आपल्याकडे बहुधा मोठ्या तत्त्वांच्या पातळीवर रंगतो आणि तेथेच विरतो. प्रत्यक्षात भारतीय कायद्याने या प्रश्नाचा एक अत्यंत ठोस भाग हाताळला आहे : निवडणुकीत धर्माच्या आधारे मत मागता येते का? या प्रश्नावरचे काही महत्त्वाचे खटले मुंबईच्या विलेपार्ले, दादर, सांताक्रूझ आणि कुंभारवाडा या मतदारसंघांतून उभे राहिले. त्यामुळे मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. जेथे माझे स्वतःचे मत आहे, तेथे ते तसे स्पष्ट सांगितले आहे.

धर्म आणि राजकारण वेगळे ठेवायचे म्हणजे नेमके काय वेगळे ठेवायचे?

श्रद्धाळू माणसाने राजकारणात येऊ नये, असा याचा अर्थ कोणीही शहाणा माणूस करणार नाही. आमदाराने वारीला जावे, खासदाराने नमाज पढावा, मंत्र्याने रविवारी चर्चमध्ये जावे, यात आक्षेपार्ह काही नाही. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला दिलेले धर्मस्वातंत्र्य निवडून आल्यावर संपत नाही. माझ्या मते वेगळी ठेवण्याची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे सत्ता मागण्याचे कारण. जन्माने मिळालेली ओळख हे मत मागण्याचे कारण झाले, की त्या ओळखीबाहेरच्या मतदाराशी बोलण्यासारखे उमेदवाराजवळ काही उरत नाही, आणि त्या ओळखीच्या आत राहून वेगळे मत मांडणाऱ्या माणसाला आपल्याच लोकांत फितूर ठरवले जाते. दुसऱ्या परिणामाची चर्चा आपल्याकडे फार कमी होते, म्हणून पुढे त्याकडे पुन्हा यावे लागेल.

यामागे इतिहासही आहे. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुस्लिमांसाठी विभक्त मतदारसंघ निर्माण केले, म्हणजे त्या जागांसाठी उमेदवार मुस्लिम आणि मतदारही फक्त मुस्लिम. अशा रचनेत उमेदवाराला दुसऱ्या समाजाकडे वळून पाहण्याची गरजच उरली नाही, आणि फाळणीपर्यंतच्या वाटचालीत या रचनेचा वाटा किती, यावर इतिहासकारांत मतभेद असले तरी वाटा होता यावर फारसे मतभेद नाहीत. संविधान सभेने ही पद्धत टाकून दिली आणि अनुच्छेद ३२५ नुसार प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदारयादी ठेवली, जीतून धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणांवरून कोणालाही वगळता येत नाही. एकाच यादीतील सर्वांचा प्रतिनिधी म्हणून निवडून यायचे, तर त्यातील काहींनाच उद्देशून मत मागणे त्या यादीच्या मूळ हेतूला छेद देते.

कायद्यात हे कोठे लिहिले आहे?

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ मध्ये 'भ्रष्ट आचरणां'ची यादी आहे. मतदाराला लाच देणे हे त्यातले पहिले. उपकलम (३) नुसार उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्याच्या संमतीने अन्य कोणी धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत द्या अथवा देऊ नका असे आवाहन करणे, तसेच धार्मिक चिन्हांचा वापर करणे, हे भ्रष्ट आचरण ठरते. उपकलम (३अ) निवडणुकीसाठी समाजासमाजांत वैर पसरवण्याबद्दल आहे. उपकलम (२) मध्ये आणखी एक तरतूद आहे, जी ग्रामीण भागात काम केलेल्यांना लगेच पटेल : अमक्याला मत दिले तर देवाचा कोप होईल, अशी भीती घालणे हा मतदारावर गैरवाजवी दबाव मानला जातो. पैसे वाटणे आणि देवाची भीती घालणे या दोन्ही गोष्टी कायद्याने एकाच कलमात बसवल्या, हे मला योग्य वाटते, कारण दोन्हींत मतदाराचा विचार बाजूला सारून मत मिळवले जाते.

१९६१ पूर्वी असे आवाहन 'पद्धतशीरपणे' केले असेल तरच ते दोषास्पद होते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली. त्यानंतर एकच भाषण किंवा एकच पत्रकही पुरेसे ठरू लागले.

विलेपार्ल्याचा खटला एवढा महत्त्वाचा का मानला जातो?

डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ले विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. शिवसेनेच्या पाठिंब्यावर डॉ. रमेश प्रभू निवडून आले आणि काँग्रेसचे प्रभाकर कुंटे पराभूत झाले. कुंटे यांनी मुंबई उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली. याचिकेचा गाभा शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांची प्रचारसभांतील भाषणे हा होता. ही निवडणूक हिंदूंच्या रक्षणासाठी लढवत आहोत आणि मुस्लिमांच्या मतांची आपल्याला पर्वा नाही, अशा आशयाची विधाने त्या भाषणांत होती. उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये प्रभू यांची निवड रद्द ठरवली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुढे जुलै १९९९ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने ठाकरे यांना, ११ डिसेंबर १९९५ पासून मोजून, सहा वर्षांसाठी मतदानास आणि निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवण्यात आले. स्वतः कधीही निवडणूक न लढवलेल्या, परंतु राज्यातील सर्वांत प्रभावी अशा नेत्यावर या कायद्याची कारवाई झाली, म्हणून हा खटला केवळ विधिज्ञांपुरता उरला नाही.

मात्र तारखांकडे पुन्हा एकदा पाहावे. मतदान डिसेंबर १९८७ मध्ये झाले, अंतिम निकाल डिसेंबर १९९५ मध्ये लागला. दरम्यान १९९० आणि १९९५ अशा विधानसभेच्या दोन सार्वत्रिक निवडणुका होऊन गेल्या होत्या. ज्या विधानसभेतील जागेबद्दल वाद होता, ती विधानसभाच अस्तित्वात नव्हती. निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे अधिनियमाचे कलम ८६ सांगते. कायद्याचा शब्द आणि न्यायालयाचे घड्याळ यांत एवढे अंतर पडते, तेव्हा भ्रष्ट आचरण करणाऱ्याला त्याची किंमत भरण्याआधीच लाभ मिळून गेलेला असतो. या कायद्याचे सर्वांत मोठे अपयश मला येथे दिसते.

'हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे' असे म्हणून न्यायालयाने तसा प्रचार करण्यास परवानगी दिली, हे खरे आहे का?

अर्धेच खरे आहे. प्रभू खटल्याच्या निकालपत्रात न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या पीठाने 'हिंदुत्व' हा शब्द केवळ संकुचित धार्मिक अर्थानेच घ्यावा असे नाही, तो भारतीय लोकांच्या जीवनपद्धतीसाठीही वापरला जातो, असे म्हटले. परंतु शब्दाचा अर्थ प्रत्येक भाषणाच्या संदर्भात तपासावा लागेल, असेही त्याच निकालात आहे, आणि तो संदर्भ तपासूनच प्रभू यांची निवड रद्द झाली. पहिला भाग सर्वत्र सांगितला जातो, दुसरा फार क्वचित.

त्याच दिवशी दुसरा निकालही लागला. १९९० मध्ये दादरमधून निवडून आलेले मनोहर जोशी यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली होती. महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल, असे त्यांनी प्रचारसभेत म्हटल्याचा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने ते विधान निषेधार्ह मानले, मात्र ती एक आशा व्यक्त करणे आहे, उमेदवाराच्या धर्माच्या आधारे मताचे आवाहन नव्हे, असे म्हणून त्यांची निवड कायम ठेवली. निकाल लागला तेव्हा जोशी राज्याचे मुख्यमंत्री होते. व्यासपीठावरून असे वाक्य ऐकणारा मतदार आशा आणि आवाहन यांत एवढा बारीक भेद करत असेल, असे मला वाटत नाही. न्यायालयाचा पूर्ण आदर राखूनही हा निर्णय मला पटलेला नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने 'हिंदुत्व' शब्दाच्या अर्थाचा प्रश्न पुन्हा उघडण्यास नकार दिला, त्यामुळे १९९५ चे विवेचन आजही जागेवर आहे.

हा कायदा एकाच धर्माच्या राजकारणाविरुद्ध वापरला जातो, या आरोपात तथ्य आहे का?

नाही, आणि त्यासाठी मुंबईतलाच पुरावा आहे. १९७२ च्या विधानसभा निवडणुकीत कुंभारवाडा मतदारसंघातून मुस्लिम लीगचे झियाउद्दीन बुखारी निवडून आले. त्यांचे प्रतिस्पर्धी चागला हेही मुस्लिमच होते. चागला खरे मुसलमान नाहीत, त्यांना मत देणे धर्माविरुद्ध आहे, असा प्रचार बुखारी यांनी केला. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात बदल होण्याची भीतीही त्यात घातली होती. उच्च न्यायालयाने निवड रद्द केली आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली.

या खटल्यात दोन धर्म समोरासमोर नव्हते. एकाच धर्मातील दोन माणसे होती, आणि त्यांतील एकाला 'तू आपला नाहीस' असे सांगून हरवण्याचा प्रयत्न झाला होता. त्याच काळात महाराष्ट्रात हमीद दलवाई मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांसाठी लढत होते. १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा घेऊन ते विधानभवनावर गेले आणि १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. त्यांना होणारा विरोध नेमक्या याच भाषेत होत असे. राजकारणात धर्म हे मत मागण्याचे कारण ठरले, तर प्रत्येक धर्मातील सुधारकाची वाट सर्वांत आधी बंद होते, कारण धर्माच्या वतीने बोलण्याचा मान नेहमी कट्टर माणसाकडे जातो. ज्यांना हा कायदा अल्पसंख्याकांचे लाड वाटतो आणि ज्यांना तो अल्पसंख्याकांवरचा बडगा वाटतो, त्या दोघांनीही कुंभारवाड्याचा निकाल अवश्य वाचावा.

२०१७ च्या निकालाने काय बदलले?

कलम १२३(३) मध्ये 'त्याच्या धर्माच्या आधारे' असे शब्द आहेत. 'त्याच्या' म्हणजे कोणाच्या? उमेदवाराच्या की मतदाराच्याही? हा प्रश्न १९९० मध्ये सांताक्रूझमधून निवडून आलेले भाजपचे अभिराम सिंह यांच्या खटल्यातून पुढे आला. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन असा निर्णय दिला. सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर, मदन लोकूर, शरद बोबडे आणि एल. नागेश्वर राव या बहुमताने असे ठरवले, की उमेदवार, त्याचे प्रतिनिधी, प्रतिस्पर्धी आणि मतदार यांपैकी कोणाच्याही धर्माच्या आधारे केलेले आवाहन दोषास्पद आहे. धनंजय चंद्रचूड, ए. के. गोयल आणि उदय लळित यांनी असहमती नोंदवली. बोबडे, लळित आणि चंद्रचूड हे महाराष्ट्राशी नाते असलेले तीन न्यायमूर्ती या प्रश्नावर एका बाजूला नव्हते, यावरूनच तो किती अवघड होता हे कळते. निवडणूक आणि हा निर्णय यांत सत्तावीस वर्षांचे अंतर आहे, हेही नोंदवले पाहिजे.

या निकालाआधी एक सोपी पळवाट होती. 'मी अमक्या धर्माचा, म्हणून मला मत द्या' असे म्हणता येत नव्हते, पण 'तुम्ही अमक्या धर्माचे, म्हणून मला मत द्या' असे म्हटले तर ते कलमात बसते की नाही याबद्दल वाद घालता येत असे. ती पळवाट आता बंद झाली आहे.

मग जातीमुळे किंवा धर्मामुळे झालेल्या अन्यायाबद्दल निवडणुकीत बोलायचेच नाही का?

हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कठीण प्रश्न आहे, आणि असहमतीचे निकालपत्र मुख्यतः याच चिंतेतून लिहिले गेले आहे. आपल्या देशात माणसांना त्यांच्या जातीमुळे पाण्यापासून, मंदिरापासून, शाळेपासून दूर ठेवण्यात आले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर आणि मार्च १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे सत्याग्रह केले, ते धर्माच्या आणि जातीच्या नावाने लादलेल्या अन्यायाविरुद्धचे राजकारणच होते. अन्याय ज्या ओळखीमुळे झाला, त्या ओळखीचा उच्चारही करायचा नाही असे पीडिताला सांगणे म्हणजे अन्याय करणाऱ्याची सोय पाहणे होय.

बहुमताच्या निकालाचा असा अर्थ लावण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. 'दलित वस्तीत नळ आला नाही, मी तो आणीन' हे एका समाजाच्या दुःखाबद्दलचे वाक्य आहे, पण ते ऐकून दुसऱ्या समाजाचा माणूसही मत देऊ शकतो किंवा त्यावर वाद घालू शकतो. अल्पसंख्याकांच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न, देवस्थानच्या जमिनींचा प्रश्न, आरक्षणाचा प्रश्न, हे सर्व निवडणुकीचे रास्त विषय आहेत. 'आपल्या माणसालाच मत द्या' या वाक्यावर मात्र कोणताही वाद घालता येत नाही, कारण त्यात पटवून देण्यासारखे काही नसतेच. सीमारेषेवरची भाषणे तरीही उरतील आणि प्रत्येक वेळी संदर्भ पाहावा लागेल. चंद्रचूड यांनी मांडलेली भीती निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. खालच्या पातळीवरील एखादा अधिकारी या कायद्याचा आधार घेऊन वंचितांच्या सभेलाच आक्षेप घेईल, ही शक्यता खरी आहे.

लोकमान्य टिळक आणि महात्मा गांधी यांनीही धर्म राजकारणात आणला होता ना?

आणला होता, आणि तो प्रश्न टाळता येणार नाही. टिळकांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, ते परकीय सत्तेखाली सभा आणि संघटना यांच्यावर बंधने असताना लोकांना एकत्र आणण्याचे साधन म्हणून. त्याचे फायदे झाले, तसेच काही समाज त्या चळवळीपासून दूरही राहिले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. गांधीजी स्वतःला धर्मनिष्ठ म्हणवत, प्रार्थनासभा घेत. तरीही १९४६ मध्ये त्यांनी स्पष्ट म्हटले होते, की माझ्या हाती सर्वाधिकार असते तर धर्म आणि राज्यसंस्था वेगळी ठेवली असती, माझ्या धर्मासाठी मी प्राण देईन, पण तो माझा वैयक्तिक विषय आहे. त्यांनी धर्मातून स्वतःसाठी शिस्त घेतली, मतपेटीसाठी यादी नव्हे. शिवाय त्या काळी प्रौढ मताधिकारावर चालणारे प्रजासत्ताकच अस्तित्वात नव्हते, त्यामुळे त्यांच्या कृतींतून आजच्या निवडणूक प्रचाराला सरसकट परवाना काढणे बरोबर नाही.

आषाढीला मुख्यमंत्री पंढरपुरात शासकीय महापूजा करतात, हे कसे चालते?

भारतीय घटनेने धर्म आणि राज्यसंस्था यांच्यात उंच भिंत बांधलेली नाही. कोणत्याही एका धर्माच्या प्रसारासाठी कर आकारता येत नाही (अनुच्छेद २७), पूर्णतः सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही (अनुच्छेद २८), परंतु धर्माशी निगडित आर्थिक आणि राजकीय व्यवहारांचे नियमन राज्य करू शकते. पंढरपूर याचे चांगले उदाहरण आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. पुढे १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो वाद मिटला. समतेसाठी राज्याने मंदिराच्या कारभारात हात घालणे मला योग्य वाटते. २०१६ मध्ये शनिशिंगणापूर आणि हाजीअली या दोन्ही ठिकाणी स्त्रियांच्या प्रवेशाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने समतेची बाजू घेतली, तेही त्याच न्यायाने.

महापूजेचा प्रश्न निराळा आहे. वारकऱ्यांच्या वतीने राज्याच्या प्रमुखाने नमस्कार करावा यामागची भावना मी समजू शकतो, तिच्यात मला द्वेष दिसत नाही. तरीही ती पूजा मुख्यमंत्र्यांनी व्यक्ती म्हणून, रांगेतील वारकऱ्यांचा वेळ न घेता करावी आणि त्या दिवशी राजकीय भाषण करू नये, एवढी अपेक्षा ठेवणे विठ्ठलाच्या भक्तीला धरूनच होईल.

देवळात किंवा मशिदीत प्रचारसभा घेता येते का?

नाही. धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) अधिनियम, १९८८ नुसार धार्मिक स्थळाचा राजकीय कार्यासाठी वापर करणे गुन्हा आहे. आदर्श आचारसंहितेतही तशी मनाई आहे.

'धर्मनिरपेक्ष' हा शब्द घटनेत १९७६ मध्ये आला, मग तो मूळ घटनेचा भाग कसा?

शब्द बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला, हे खरे आहे. तत्त्व मात्र अनुच्छेद १५, १६, २५ ते २८ आणि ३२५ यांत आरंभापासून होते. १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने धर्मनिरपेक्षता घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग असल्याचे सांगितले, आणि उद्देशिकेतून हा शब्द काढण्याची मागणी करणाऱ्या याचिका नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्या.

माझ्या मतदारसंघात धर्माच्या नावाने मत मागितले गेले, तर मी काय करू शकतो?

प्रचार चालू असताना निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे किंवा आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर तक्रार करता येते. निवड रद्द करून घ्यायची असेल, तर निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात याचिका दाखल करावी लागते. ती पराभूत उमेदवारच करू शकतो असा गैरसमज आहे. त्या मतदारसंघातील कोणताही मतदार ती करू शकतो. दोन हजार रुपये अनामत भरावी लागते आणि भ्रष्ट आचरणाच्या आरोपासोबत प्रतिज्ञापत्र जोडावे लागते.

पुराव्याची पातळी फौजदारी खटल्यासारखी कडक असते, म्हणून भाषणाची तारीख, वेळ, ठिकाण आणि नेमके शब्द टिपून ठेवावेत, ध्वनिचित्रफीत असल्यास मूळ फोनमधली प्रत पुसू नये. भाषण दुसऱ्याने केले असेल, तर उमेदवाराची संमती होती हे दाखवावे लागते. तो व्यासपीठावर बसला होता का, त्याच्या खर्चात ती सभा धरली होती का, हे पाहावे. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही : कायद्याच्या दृष्टीने माणूस रीतसर नामनिर्देशन झाल्यावरच 'उमेदवार' होतो, त्यामुळे त्यापूर्वी केलेले भाषण कितीही विखारी असले तरी कलम १२३ खाली येत नाही. अशा भाषणासाठी पोलिसांकडे स्वतंत्र तक्रार द्यावी लागते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि महापालिका यांच्या निवडणुकांना १९५१ चा अधिनियम लागू नाही, त्यांचे कायदे वेगळे आहेत आणि तेथील तक्रार राज्य निवडणूक आयोगाच्या यंत्रणेकडे करावी.